एस्तेरबाईच्या घरची भाकर

एस्तेरबाईला पुरून आलो त्या दिवसापासून लोक मला एकच विचारतात. तुझी भिंत तिच्या भिंतीला लागून, तू सांग, त्यानं तिला विष घातलं का. मी सांगते, मला माहीत नाही. मग ते म्हणतात, सुमन लपवते. लपवायला माझ्याजवळ काही नाही. जे पाहिलं ते लिहिते.

अकोल्यात रेल्वेच्या पलीकडे आमची ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. एकाला एक लागून घरं, मधे निंबाचं झाड, टोकाला चर्च. एस्तेरबाई तिथेच जन्मली आणि तिथेच म्हातारी झाली. उंच, हाडकी बाई. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. एका दवाखान्यात आयाचं काम केलं आणि पेन्शनीवर घरी बसली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल, पण आम्ही एकमेकींना अगं-तुगंच करायचो. आमच्याकडे तसंच असतं.

तिच्या दाराला कडी होती, ती कधी लागली नाही. दिवसा नाही, रात्री नाही, दर्यापूरला लग्नाला गेली तरी नाही. मी म्हणायची, चोर येईल. ती म्हणायची, "आला तं बसंन. खुर्ची हाय."

भाजी घेताना निवडायची नाही. गाडीवाला तराजूत टाकेल ते घ्यायची. त्या माणसाला हे कळलेलं होतं, म्हणून किडकी वांगी, मऊ पडलेले टमाटे सगळे तिच्या पिशवीत जायचे. मी एकदा त्याच्या समोरच पिशवी उलटी केली आणि त्याला शिव्या दिल्या. एस्तेरबाईनं खाली बसून सगळी वांगी परत भरली.

"अवं, किडे हायेत त्यात," मी म्हटलं.

"तेवढं कापून टाकतो ना मी. बाकीचं वांगं चांगलं हाय."

तिचं सरपण म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं. मागच्या अंगणात ढीग असायचा. आम्ही सगळ्या बाया आधी काठीनं ढीग हलवायचो आणि मग हात घालायचो, कारण त्यात काय बसलेलं असेल सांगता येत नाही. ती सरळ हात घालायची. एकदा विंचू चावला. हात कोपरापर्यंत सुजला, रात्रभर कण्हत होती, भिंतीतून मला ऐकू येत होतं. दोन दिवसांनी तोच हात पुन्हा ढिगात.

"देवानं डोये कायले देल्ले मंग तुले?"

"पऱ्हाटी काढाले," ती म्हणाली.

प्रार्थना तिची सगळ्यांत छोटी. बाकीच्या बाया डोळे मिटून वस्तीतल्या दहा घरांचं गाऱ्हाणं देवाला सांगायच्या. हिची पाळी आली की ही म्हणायची, "तुले दिसून राह्यलं ना? मंग झालं. आमेन." आमच्या चर्चच्या नव्या पाळकसाहेबांना ते आवडत नसे. ते नगरकडचे, शिकलेले, बोलायला सभ्य. एकदा त्यांनी सुचवलं, "एस्तेरबाई, जरा सविस्तर मागावं." ती म्हणाली, "त्याले मायती नसंल असं तुमाले वाटते का?"

महिला मंडळाच्या बैठकीत कुणाच्या पोरीचा, कुणाच्या सुनेचा विषय निघाला की ही उठायची आणि पाणी प्यायला बाहेर जायची. विषय संपेपर्यंत यायची नाही. पुढे पुढे आम्हीच म्हणायचो, थांबा, आधी एस्तेरबाईला तहान लागू द्या, मग सांगते. ती हसायची आणि उठायची. रागानं कधी उठली नाही, आणि बसली पण कधी नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस घ्यायचा. त्याची भाकर एस्तेरबाई करायची. भाकर म्हणायचं, असते गव्हाच्या पिठाची जाड पोळी, बिनखमिराची. आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायच्या, त्यांचा रस काढायचा. तिच्या सासूनं हे केलं, मग हिनं केलं. कुणी तिला नेमलेलं नव्हतं आणि कुणी तिला काढू शकेल असंही कुणाला वाटलं नव्हतं.

नाताळात आमचं महिला मंडळ अमरावतीच्या जेलात फराळ घेऊन जायचं. गाणी म्हणायची, करंज्या वाटायच्या आणि संध्याकाळच्या बसनं परत. आम्ही बाकीच्या डबा पुढे करून हात मागे घ्यायचो. ही कैद्यांना नाव विचारत बसायची, गाव विचारायची. गुन्हा कधी विचारायची नाही. तिथे हिला बबन भेटला. जेलाच्या भटारखान्यात कणीक मळायचा.

तो आला तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. मी दारात गहू पाखडत होते. निंबाखाली एक माणूस उभा दिसला. पन्नाशीचा, डोकं बारीक कापलेलं, हातात पत्र्याची पेटी आणि पेटीला कुलूप.

"एस्तेरबाई कुठं राह्यते?"

"तुमी कोण?"

"मी जेलातून आलो," तो म्हणाला. दुसऱ्या कुणी 'मी अचलपूरहून आलो' म्हणावं तसा.

त्याची नजर मला आवडली नाही. तो तुमच्या डोळ्यांकडे बघत नसे. तुम्ही बोलताना तोंडाकडे बघत असे, जेवताना पण तोंडाकडे.

वस्तीला कळायला दोन दिवस लागले. तो दर्यापूरकडच्या एका खेड्यातला. भावाच्या वरणात कपाशीवर फवारायचं औषध कालवलं, भाऊ मेला, म्हणून जन्मठेप. शिक्षा भोगून सुटला. गावानं वेशीतूनच परत पाठवला. तेव्हा एस्तेरबाईनं, जी जेलात त्याला "सुटला की माह्या इथं येजो" म्हणाली होती, त्याला घरात घेतलं. आणि कामाला लावला तो चुलीपुढे. कारण तिची मनगटं सांधेदुखीनं गेली होती आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पाळकसाहेब समजावायला आले. मी भिंतीशी भांडी घासत होते, सगळं ऐकू आलं.

"एस्तेरबाई, तुम्ही त्याला विचारलं का, त्यानं खरंच ते केलं होतं का?"

"नाई."

"का नाही विचारलं?"

"इचारलं असतं तं त्यानं सांगतलं असतं. मंग मले थे घेऊन बसा लागलं असतं." ती पुढे म्हणाली, "न्यायाच्या खुर्चीवर आधीच कोणी बसला हाय, साहेब. रिकामी असती तं बसली असती मी."

"पण सावध राहायला नको का?"

"तुमी राहा."

बबन आवाज न करता चालायचा. मी अंगणात वाकलेली असायची आणि मान वर केली की तो कुंपणाशी उभा. किती वेळचा उभा, कळायचं नाही. घरात कुणी आलं की तो भिंतीला पाठ लावून सरळ उभा राहायचा, जा म्हटलं की जायचा. एकच पातेलं तीनतीनदा घासायचा. कडी न लागणाऱ्या त्या घरात त्याची पेटी तेवढी कुलपात. मी एस्तेरबाईला विचारलं, पेटीत काय आहे. ती म्हणाली, "त्याचं सामान."

जून लागायच्या आत माझी एक कोंबडी तिच्या अंगणातून आली, मान टाकली आणि मेली. मग शेजारच्या घरची दोन गेली. उन्हाळ्याच्या शेवटी कोंबड्यांना रोग येतो, दरवर्षी मरतात. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी ते कुणाला आठवलं नाही. पोरांना तिच्या अंगणातून जायची बंदी झाली. तिच्या माठाचं पाणी कुणी पिईना. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की येत्या रविवारी प्रभुभोजन आहे आणि भाकरीची कणीक तो मळणार.

मी तिला सांगितलं, या वेळी तू एकटी मळ. तिनं हात पुढे केले. बोटं वाकडी झालेली, मूठ मिटत नव्हती. "कशी मळू?"

"तं बेकरीतून पाव आणू दे पाळकाले."

"काहून?"

मी कारण सांगितलं नाही. तिला माहीत होतं.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची एक रीत आहे. ज्याच्या मनावर पापाचा भार आहे, त्यानं भाकर घेऊ नये. त्यामुळे तबक आलं आणि कुणी हात पुढे केला नाही, तर सगळं चर्च त्याच्याकडे बघतं आणि आठवडाभर त्याचं पाप शोधत बसतं. त्या रविवारी तबक फिरलं तेव्हा एकानंही नाही म्हटलं नाही. प्रत्येकानं तुकडा घेतला. डोळे मिटले, हात तोंडाशी नेला. इतकं शांत चर्च मी कधी पाहिलं नाही, एक पोर खोकलं नाही. मी माझा तुकडा खाल्ला. धीट म्हणून नाही. सवयीनं तोंडात गेला, मग आठवलं. मग उपासना संपेपर्यंत पोटाकडे लक्ष लावून बसले.

बबन बाहेर पायरीवर होता. तो आमच्यातला नव्हता, आत यायचा नाही. दारातून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

सगळे गेल्यावर मी आणि एस्तेरबाई झाडायला थांबलो. पहिला तुकडा सतरंजीखाली मिळाला. दुसरा खिडकीत. मग गाण्याच्या पुस्तकांत, बाकाच्या फटीत, फुलदाणीच्या पाण्यात. एकानं तर लहान मुलाच्या मोज्यात कोंबून मोजा तिथेच सोडला होता. एस्तेरबाई एकेक उचलून पदरात घेत गेली. तिला वाकताना त्रास होत होता, तरी मला उचलू देईना. पदर भरला तशी ती पुढच्या बाकावर बसली आणि खायला लागली.

"हे काय करून राह्यली?"

"ही भाकर टाकाची नसते."

"एवढी? निदान एक तुकडा कुत्र्यापुढं टाकून पाह्य."

"कुत्र्यानं काय घोडं मारलं तुहं?" ती म्हणाली आणि चावत राहिली. फुलदाणीतला भिजलेला तुकडा पण खाल्ला. मी झाडू घेऊन उभी. घास घशात अडकला की ती पाणी मागायची, मी द्यायची. बबन पायरीवरून उठून दाराच्या चौकटीशी आला होता. तो आत आला नाही. सगळा पदर रिकामा होईपर्यंत बघत राहिला.

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या.

वस्तीला आणखी काय पाहिजे होतं? निंबाखाली माणसं जमली. कुणी म्हणालं पोलिसाला बोलवा, कुणी म्हणालं देवानं आपल्याला वाचवलं. ज्यांनी तुकडे लपवले होते ते एकमेकांना उघड सांगायला लागले की मी लपवला, मला आतून सूचना झाली होती. सकाळी ज्याची लाज होती त्याचा संध्याकाळी मान झाला. मी सांगितलं, बुढीनं साऱ्या चर्चची शिळी, वाळली, भिजली भाकर एकटीनं खाल्ली, उलटी नाही होणार तर काय. आणि मी पण खाल्ली, मी उभी आहे. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मला स्वतःलाही माझं बोलणं पुरतं पटत नव्हतं, कारण उलट्या तिसऱ्या दिवशीही थांबल्या नव्हत्या.

तिचा भाचा शमुवेल अमरावतीत नोकरीला. कुणीतरी त्याला फोन केला, तो गाडी घेऊन आला. तिला घेऊन अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. मी सोबत होते. डॉक्टरीणबाई तरुण होती. पोट दाबून पाहिलं, वजन केलं, कपाळाला आठ्या पडल्या.

"आजी, वजन कधीपासून उतरतंय?"

"मोजलं कोणी?"

"घरात स्वयंपाक कोण करतं?"

"माणूस करते," एस्तेरबाई म्हणाली.

शमुवेलनं डॉक्टरणीला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ती परत आली. म्हणाली, पोटात जखम असू शकते, गाठ असू शकते, दुर्बिणीनं बघावं लागेल. पण आधी रक्त आणि उलटी विषासाठी तपासायला पाठवू, आणि तसं असेल तर पोलिसांना कळवावं लागेल.

"दुर्बीण घाला," एस्तेरबाई म्हणाली. "जखम पाहा, गाठ पाहा. वीष नका पाहू."

"का हो आजी? नसेल तर नाही निघणार. उलट तो माणूस सुटेल."

"थो सुटूनच आला हाय, बाई. भोगलं त्यानं. आता मी अजून एक कोर्ट भरवू त्याच्यासाठी?"

"विष बघितल्याशिवाय मी पुढचं काही करू शकत नाही."

एस्तेरबाई पलंगावरून उतरली आणि पायानं चप्पल चाचपू लागली. शमुवेलनं दंड धरला. "आत्या, वेडी झाली का? मरशील तू."

"हात सोड. दुखते."

त्यानं सोडला. बाहेर येऊन त्यानं गाडीच्या टपावर मूठ आपटली, पण गाडी अकोल्याकडे वळवली. आत्यापुढे त्याचं कधी चाललेलं नव्हतं. मूर्तिजापूर मागे पडल्यावर मला राहवलं नाही. मला राग आला होता.

"देव वाचवील असं वाटते का तुले?"

"वाचवील असं म्या कदी म्हटलं?"

"रोज तं म्हणतं."

"सांभायते म्हणतो. वाचवणं येगळं."

"आन मेली तं?"

"तं त्याच्याच हातात मरीन. आणखी कुठं जाईन?" ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. बाहेर नांगरलेली शेतं पेरणीची वाट बघत होती. "तुले भेव वाटते, सुमन, म्हणून तू इचारतं. मले पण वाटते. पण माह्या भेवापायी त्याले पुन्हा खुनी कसं करू? मी चुकत असली तं एक बुढी मरते. वस्तीवाले चुकत असले तं?"

तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पण तिचं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही.

त्यानंतर भाकर बेकरीतून आली. पाळकसाहेब सांगायला आले तेव्हा खाली बघत होते. तिनं त्यांना सासूची पितळी परात दिली, म्हणाली, पाव कापाले कामी येईन. ती चर्चला जात राहिली, उठता येत होतं तोवर. बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. मी एका बाजूला बसायची, दुसरी तशीच.

पावसाळाभर ती वाळत गेली. कधी चार दिवस बरी असायची, अंगणात कपडे वाळत घालायची. पुन्हा उलट्या. शमुवेल पुन्हा दोनदा येऊन गेला, दोनदा हात हलवत परतला. पोलीस एकदा आले, तिनं त्यांना चहा दिला, बबननं केलेला. हवालदारानं कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. तिची तक्रार नव्हती, ते गेले. बबन काही जात नव्हता. वस्तीतल्या पोरांनी दोनदा दगड मारले. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दगड संपल्यावर आत गेला. दोष नसलेला माणूस एवढा गप्प कसा राहील, असं लोक म्हणायचे. दोष असलेला एव्हाना पळाला असता, असंही म्हणता आलं असतं. मी दोन्ही म्हणून पाहिलं.

दसऱ्याच्या आसपास ती गेली. शमुवेलला प्रेत फाडायला न्यायचं होतं. तिनं आधीच पाळकासमोर त्याच्याकडून वचन घेतलं होतं, म्हणून त्याला ते करता आलं नाही. कपाळ घट्ट धरून बसून राहिला. आम्ही तिला निंबाच्या रस्त्यानं नेऊन पुरलं. परत आलो तर बबन गेला होता, पेटी घेऊन. घर झाडलेलं, भांडी पालथी घातलेली. कुठे गेला ते आजवर कुणाला माहीत नाही, आणि पेटीत काय होतं तेही नाही.

मी तिला शेवटचं शुद्धीत पाहिलं ते जायच्या आदल्या आठवड्यात, दुपारी. मी पेजेसाठी तांदळाची कणी घेऊन गेले होते. दारात पोचले तर बबन खाटेशी बसलेला, हातात पेजेचा कप. त्याच्या कानावर सगळं जात होतं. मला पाहून त्यानं कप आपल्या तोंडाशी नेला. आधी मी पितो, ही पाहील, मग तुम्ही प्या, असं. घाईनं पेज बोटांवर सांडली.

एस्तेरबाईनं त्याचं मनगट धरलं. तिच्यात तेवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आधी तू काहून पेतं?"

"बाई, थे पाहून राह्यल्या."

"पाहू दे. म्या तुले चाखाले सांगतलं का कदी?"

तिनं कप ओढून घेतला. पेज गरम होती, वाफ येत होती. ती फुंकर न घालता घोट घोट पीत गेली, मधे थांबून श्वास घेत. आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पहिल्या दिवशी बघत होता तसाच. त्या नजरेत काय होतं हे मी तेव्हा ओळखू शकले नाही. दया होती, की वाट बघणं होतं. मी हलले नाही. कप रिकामा होईपर्यंत मला जावंसं वाटत नव्हतं आणि आत पाऊलही टाकवत नव्हतं.

तिनं कप त्याच्या हातात परत दिला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे मान वळवली.

"आत येतं तं ये, सुमन," ती म्हणाली. "नाई तं घरी जा. तिथं उभी राहून पाहू नको."

मी कणी उंबऱ्यावर ठेवली आणि घरी गेले.